आधी झोप, आधी भाकर: गावातल्या ख्रिस्ती घरांसाठी चिंता आणि नैराश्यातून वाट काढण्याचं मार्गदर्शन

आमच्याकडे कोणी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. "डोकं काम नाही करून राहिलं", "कशात जीव लागत नाही", "छातीत धडधड होऊन राहिली", "रातभर डोळ्याला डोळा नाही", असं म्हणतात. बाया तर मनाचं काहीच सांगत नाहीत, अंगदुखी आणि अशक्तपणा सांगतात. मग एक सलाइन लागते, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होतं. ख्रिस्ती घरात याच्या जोडीला आणखी एक वाक्य येतं आणि ते आजारापेक्षा जड असतं: "माझा विश्वासच कमी पडला."

मी परिचारिका म्हणून नोकरी केली आणि मंडळीच्या महिला मंडळातही वावरले. दोन्हीकडे हेच वाक्य ऐकलं. विदर्भातल्या एखाद्या गावात आपली चार-दहा घरं असतात, पाळकसाहेब तीन-चार गावं मिळून एक, आणि मनोविकारतज्ज्ञ थेट जिल्ह्याच्या ठिकाणी. अशा जागी हा आजार पहिल्यांदाच घरात आला तर काय करायचं आणि कोणत्या क्रमानं, ते इथे सांगते.

जीव द्यायचा विचार येत असेल तर बाकीचं नंतर वाचा

स्वतःला संपवावं असं वाटत असेल, किंवा घरातलं कोणी "मी नसलो तर बरं होईल" असं बोलत असेल, तर आजच, आत्ताच हे करा. १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलीमानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि फोनचे पैसे लागत नाहीत. आधी भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडा. समोर समुपदेशक येतो, गरज पडली तर तो डॉक्टरांशी जोडून देतो. घरात रेंज नसेल तर जिथे रेंज येते तिथे जा, पण एकटे जाऊ नका.

घरच्यांनी त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नये. फवारणीचं औषध, उंदराचं औषध घरातून आणि वावरातल्या झोपडीतूनही हलवा. कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे द्या, किंवा सरळ भावकीत नेऊन ठेवा. ही लाट पुष्कळदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते, तेवढा वेळ हाताशी काही नसणं यावर जीव अवलंबून असतो. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. कोणी काही प्यायलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

हा आजार आहे की परिस्थितीचं दुःख?

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, सोयाबीन सडलं, पोरीचं लग्न मोडलं, तर माणूस खचणारच. ते दुःख आहे आणि दुःखाला गोळी नसते. पण दोन आठवडे होऊन गेले, जवळजवळ रोजच दिवसभर मन उदास आहे किंवा कशातच गोडी राहिली नाही, झोप पहाटे दोन-तीनला तुटते, घास उतरत नाही, अंग जड झालंय, छोटा निर्णयही घेता येत नाही, आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं. माझ्या अनुभवात सगळ्यात पक्की खूण वेगळीच आहे: नातवंड मांडीवर येऊन बसलं तरी आत काही हलत नाही.

चिंतेचा आजार वेगळा दिसतो. डोक्यात सतत "असं झालं तर?" सुरू, पोटात गोळा, हातपाय गार, आणि मध्येच छातीत अशी धडधड की आता हार्ट अटॅकच येतो असं वाटावं. पहिल्यांदा असं झालं तर ते मनाचंच आहे असं घरबसल्या ठरवू नका, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्या. हृदय ठीक निघालं की मग मनाकडे वळा. दोन्ही आजार एकाच माणसात असणंही नेहमीचं आहे.

बाळंतपणानंतर महिना-दोन महिने रडत राहणारी, बाळाकडे न बघणारी सूनबाई आणि अचानक रोज दारू प्यायला लागलेला कर्ता माणूस, या दोघांकडे विशेष लक्ष द्या. त्यांना कोणी आजारी समजत नाही. तिला आळशी म्हणतात, त्याला बिघडलेला म्हणतात.

अपराधीपणाची गाठ आधी सोडवा

ही गाठ सुटल्याशिवाय ख्रिस्ती माणूस डॉक्टरकडे जातच नाही, म्हणून इथे थोडं थांबते.

पवित्र शास्त्रात १ राजे १९ वा अध्याय काढा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आला आहे. सगळ्या लोकांसमोर अग्नी उतरला, पाऊस पडला. आणि लगेच ईजबेल राणीची एक धमकी येते नि हाच माणूस जीव घेऊन पळतो. बैरशेब्याला आपल्या चाकराला मागे ठेवतो, म्हणजे सोबतीचं शेवटचं माणूसही सोडतो. एक दिवसाची वाट रानात चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे, माझा प्राण घे. एकटं पडणं, थकवा, मरणाची इच्छा, "मी माझ्या पूर्वजांपेक्षा काही चांगला नाही" ही भाषा: डॉक्टर नैराश्यात जे विचारतात त्यातलं बरंचसं या चार ओळींत आहे.

आता देव काय करतो ते बघा. रागावत नाही. "तुझा विश्वास कुठे गेला?" असं विचारत नाही. एलीयाला झोप लागते. देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, उठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोहोचल्यावर मग देव बोलतो, तेही मंद वाणीनं. तिथेही आधी त्याचं गाऱ्हाणं दोनदा ऐकून घेतो आणि शेवटी सोबतीला अलीशा देतो. झोप, भाकर, स्पर्श, मग शब्द, मग सोबत. आपण मंडळीत नेमका उलटा क्रम लावतो. पहिल्याच दिवशी वचन ऐकवतो आणि भाकरीची चौकशी कोणी करत नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातलं "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे वचन आजारी माणसाला हमखास ऐकवलं जातं. ते लिहिणारा पौलच करिंथकरांना लिहितो की आशियात आमच्यावर असं ओझं पडलं की जगण्याचीही आशा उरली नव्हती. सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज असते, हेही तोच सांगतो. पौलाचं ते वाक्य तुरुंगातल्या माणसानं दिलेला धीर आहे, आजारी माणसावर ठेवायचा आरोप नव्हे. स्तोत्र ८८ वाचा, त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, अंधारातच ते संपतं, तरीही ते शास्त्रात आहे. आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. त्यानं तेव्हा मित्रांना काय मागितलं? जवळ थांबा, जागे राहा.

एका माणसाला सांगा

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक माणूस निवडा: ऐकून घेणारा, लगेच उपदेश न करणारा, तोंडाचा पक्का. नवरा-बायको, बहीण, मंडळीतले एखादे वडील, शेजारची आशाताई, कोणीही चालेल. सुरुवात करायला जीभ वळत नसेल तर एवढंच म्हणा: "भाऊ, दोन-तीन हप्त्यापासून मला बरं नाही. झोप नाही, डोक्यात वाईट विचार येतात. दवाखान्यात जाऊ म्हणतो, सोबत येशील का?"

पाळकसाहेबांना सांगत असाल तर एक गोष्ट स्पष्ट बोला: "हे रविवारच्या प्रार्थनेच्या विनंतीत घेऊ नका." आपल्याकडे विनंती प्रेमानंच वाचली जाते, पण संध्याकाळपर्यंत ती सोयरिकीच्या गावापर्यंत पोहोचते. पोरीचं लग्न व्हायचं असलेल्या घराला ते परवडत नाही. पाळकांनीही नाव न घेता प्रार्थना करायची सवय लावावी. देवाला नाव माहीत आहे.

डॉक्टरकडे जाणं

प्रिय वैद्य लूक पौलासोबत होता, आणि चांगल्या शोमरोन्यानं जखमेवर तेल-द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. औषध घेण्यात देवाचा अपमान नाही, एवढं पुरे.

गावातल्या आरोग्य उपकेंद्रातून सुरुवात करा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते आणि तिथे औषधं फुकट मिळतात. त्यांचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्यालाही येतं. तो वार कोणता हे आशाताईंना विचारून घ्या, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवस वाचतो. नागपूर, यवतमाळ, अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि सेवाग्रामचं रुग्णालय इथेही मनोविकार विभाग आहे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक घाबरतात. तुमच्यासारख्या बहुतेकांना भरती व्हावं लागत नाही, ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येता येतं.

जाताना घरचं एक माणूस सोबत न्या. का, ते सांगते. डॉक्टरनं विचारलं, "झोप कशी आहे?" समोरचा शेतकरी टोपी हातात धरून म्हणाला, "बरी आहे." मागे उभी असलेली बायको पदर सावरत हळूच बोलली, "साहेब, रात्री दोनला उठून धुऱ्यावर जाऊन बसतात. मी मागून बॅटरी घेऊन जाते." त्यावर डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. खरी तपासणी तिथून सुरू झाली. ती आली नसती तर तो माणूस ताकदीच्या गोळ्या घेऊन परतला असता.

कागदावर आधीच लिहून न्या: कधीपासून, झोप किती, जेवण किती, दारू-खर्रा किती, आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात कोणाला असा त्रास होता का, मरणाचा विचार येतो का. शेवटचं लपवू नका. रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर यांमुळेही असाच थकवा आणि उदासी येते, म्हणून त्या तपासण्या करून घेता येतील का हे विचारा.

गोळ्यांबद्दल चार गोष्टी. नैराश्यावरच्या गोळीचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, कधी त्याहूनही उशिरा. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंड कोरडं, झोपेत गडबड होते आणि नेमकी तिथेच माणसं गोळी सोडतात. त्या दिवसांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरला कळवा. दुसरं, या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. चटक लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, ज्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. त्या मनानं घेऊ नका. तिसरं, बरं वाटलं म्हणून लगेच बंद करायचं नाही. साधारण सहा ते नऊ महिने पुढे चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. चौथं आपल्या उन्हाळ्याचं: मे महिन्यात वावरात राबणाऱ्या माणसाला काही गोळ्यांमुळे उन्हाचा आणि पाणी कमी पडण्याचा त्रास जास्त होतो, तर "माझ्या गोळीला ऊन चालतं का?" असं विचारून घ्या.

गोळ्यांइतकंच बोलण्याचंही महत्त्व आहे. समुपदेशक असेल तर त्यांच्याकडे नेमानं जा.

घरी, रोज

उठण्याची वेळ एकच ठेवा, झोप लागो न लागो. सकाळी उजेडात अर्धा तास चाला. दिवसाला एकच काम ठरवा आणि ते लहान ठेवा: ढोरांना पाणी पाजणं, अंगण झाडणं, एका शेजाऱ्याकडे जाऊन येणं. मन होईल तेव्हा करू म्हटलं तर ते होत नाही. आधी हात हलतात, मन मागून येतं. भाजी-भाकर दोन वेळ खा, भूक नसली तरी चार घास. दारू बंद, कारण ती पहिल्या रात्री झोप देते आणि पुढच्या सगळ्या रात्री काढून घेते.

घबराट उसळली की बाजेवर पाय जमिनीला टेकवून बसा. नाकानं हळू श्वास घेताना मनात म्हणा, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", आणि त्याहून हळू, लांब श्वास सोडताना, "मला काही उणे पडणार नाही". पाच-दहा मिनिटं. श्वास सोडणं लांबलं की छातीची धडधड उतरते. हे बरं असतानाच रोज करून ठेवा, म्हणजे वेळेवर आठवतं.

कर्जाची चिंता असेल तर ती डोक्यात ठेवू नका. वहीचं पान घ्या. बँक, सोसायटी, बचतगट, मायक्रोफायनान्सवाला, सावकार, कृषी केंद्राची उधारी: कोणाचे किती आणि तारीख कोणती. हे एकट्यानं लिहू नका, हिशेबाला पक्का माणूस शेजारी बसवा. मग प्रत्येकासमोर या आठवड्यात करता येईल असं एकच पाऊल लिहा: बँकेत जाऊन पुनर्गठनाचं विचारणं, बचतगटाच्या अध्यक्षाबाईंशी बोलणं. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही ती ओळ प्रार्थनेसाठी ठेवा. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे प्रभूचं वाक्य इथे अगदी कामाचं आहे, एका दिवसात एकच ओळ हाताळायची.

प्रार्थना होत नाही तेव्हा

बरेच विश्वासणारे सांगतात की गुडघे टेकले तरी शब्द येत नाहीत, बायबल उघडलं तर तीच ओळ चारदा वाचतो. हा आजाराचाच भाग आहे, एकाग्रता जाते. म्हणून प्रार्थना छोटी करा. "प्रभू, दया कर" एवढी पुरे. रोमकरांस पत्र सांगतं की शब्द नसतात तेव्हा आत्मा स्वतः अवर्णनीय कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. वाचायचंच असेल तर एक स्तोत्र, १३ वं किंवा ४२ वं, आणि तेही दुसऱ्यानं मोठ्यानं वाचावं.

उपास-प्रार्थना या काळात करू नका. जेवण तुटलेल्या शरीराला आणखी उपाशी ठेवणं आणि रिकाम्या पोटी गोळ्या घेणं धोक्याचं आहे. उपास मंडळीतल्या धडधाकट माणसांनी तुमच्यासाठी धरावा. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेसकट छपरातून खाली सोडलं, आणि येशूनं त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. तुमचा विश्वास आज उचलत नसेल तर चौघांचा चालतो.

मंडळीनं काय करावं

ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. "कोणतं पाप लपवलंस?", "अमक्याची साक्ष ऐक, तो प्रार्थनेनंच बरा झाला", "तुझ्यापेक्षा दुःखी लोक आहेत": हे बोलू नका. त्यापेक्षा डबा घेऊन जा. दवाखान्याच्या दिवशी त्यांची ढोरं सांभाळा, मोटारसायकलवर एसटी स्टँडपर्यंत सोडा, परत आल्यावर गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून द्या. उपासनेला आला आणि दाराशी चपलांजवळ बसला, तर बसू द्या. पुढे ओढून साक्ष द्यायला लावू नका.

हात ठेवून, तेल लावून प्रार्थना जरूर करा, याकोबाच्या पत्रात ते सांगितलंच आहे. पण चंगाई सभेतून आल्यावर "आता गोळ्या फेक" असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही, पाळकालाही नाही. रक्तदाबाची गोळी आपण अशी फेकत नाही. आणि दुष्ट आत्मा म्हणून मारणं, बांधून ठेवणं हा प्रकार कुठे दिसला तर थांबवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

साध्या माणसांनी केलेल्या मदतीनं फरक पडतो, हे आपल्याच विदर्भात दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत संगाथ संस्थेच्या 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या लोकांपैकी ४.३ टक्केच मदत घेत होते, पुढच्या पाहणीत ते प्रमाण २७.२ टक्के झालं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी असं शिकून घेतलं तर पंचक्रोशीतल्या प्रत्येक धर्माच्या घराला त्याचा उपयोग होईल. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य पथकाला मंडळीत किंवा गावच्या शाळेत बोलवा.

सांभाळणाऱ्याचं

बॅटरी घेऊन धुऱ्यावर जाणाऱ्या बाईला कोण विचारतं? तिलाही आठवड्यातून एक रात्र पूर्ण झोप मिळाली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी त्या घरी मुक्काम केला पाहिजे. रडू यायला लागलं, चिडचिड वाढली, तर १४४१६ तिच्यासाठीही आहे.

पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहा आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच आणा. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की घरात कोणाला सवड नसते, आणि दवाखान्याची खेप नेमकी तेव्हाच चुकते. त्या महिन्याची खेप कोण करणार, हे दसऱ्यालाच ठरवून घ्या.